विश्लेषण : केळकर संग्रहालयाच्या नावातला ‘राजा’ कोण? एका कवीने लोकांच्या घरातली भांडी का जमवली?

लासुर्णे (ता. इंदापूर) : दिवाळीच्या आधी घराची आवराआवर निघाली की माळ्यावरची जुनी पितळेची भांडी खाली येतात. काळवंडलेली समई, झाकण हरवलेला डबा, आजीच्या चंचीतला अडकित्ता, तळ गेलेला तांब्या. सगळे एका पोत्यात भरले जाते. बारामती किंवा इंदापूरच्या भांड्यांच्या दुकानात त्याचे वजन होते, मोडीचा भाव लागतो आणि बदल्यात स्टीलचा नवा डबा घरी येतो. समई कोणी घडवली, अडकित्ता कोणाच्या लग्नातला, हे वजनकाट्यावर दिसत नाही. तिथे फक्त किलो आणि ग्रॅम दिसतात.

शंभर वर्षांपूर्वी पुण्यातला एक कवी नेमका याच वस्तूंच्या मागे लागला होता. समई, अडकित्ते, कुलपे, दौती, कुंकवाचे करंडे, पाय घासायच्या वज्री. पुढची साठहून अधिक वर्षे त्याने हेच केले. त्यातून उभे राहिले पुण्याच्या शुक्रवार पेठेतले राजा दिनकर केळकर संग्रहालय. आपल्या भागातल्या अनेकांनी शाळेच्या सहलीत ते पाहिलेले असते. पण ते उभे करणाऱ्या माणसाची गोष्ट सहलीच्या धावपळीत राहून जाते. ती समजून घेऊ.

नावातला राजा कोण?

संग्रहालयाच्या पाटीवरचे नाव वाचून अनेकांचा समज होतो की दिनकर केळकर नावाचा कोणी राजा किंवा संस्थानिक होऊन गेला आणि हा त्याचा खजिना आहे. तसे काही नाही. केळकर संस्थानिक नव्हते, सरदारही नव्हते. राजा हे त्यांच्या मुलाचे नाव. दिनकर आणि कमलाबाई केळकर यांचा हा एकुलता एक मुलगा वयाच्या सातव्या वर्षी गेला. त्याच्या आठवणीसाठी वडिलांनी संग्रहालयाला त्याचे नाव दिले.

म्हणजे पाटीवर दोन माणसे आहेत. पहिला शब्द मुलाचा, पुढचे दोन वडिलांचे. हे एकदा कळले की आतली दालने थोडी वेगळी दिसू लागतात. ज्या घराने आपला मुलगा गमावला, त्या घराने दुसऱ्यांच्या घरांचा वारसा सांभाळला, असे या संग्रहालयाचे थोडक्यात वर्णन करता येईल.

दिनकर केळकर कोण होते?

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी झाला. पुण्यात त्यांचा चष्म्यांचा व्यवसाय होता. पोट भरायचे ते त्यावर. मराठी वाचकांना मात्र ते आधी कवी म्हणून माहीत झाले. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने ते कविता लिहीत.

तो काळ मराठी कवितेचा भर ओसंडणारा काळ होता. बालकवी आणि गोविंदाग्रज नुकतेच गेले होते, त्यांच्या कविता तरुणांच्या तोंडी होत्या. १९२३ मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. अशा वातावरणात केळकरांना इतिहासाची ओढ होती. जुनी घराणी, त्यांचे वाडे, त्यांच्या कथा यांत ते रमत. कवितेसाठी म्हणून भूतकाळाकडे वळलेला हा माणूस हळूहळू त्या काळाच्या वस्तूंकडे वळला आणि मग तिथेच राहिला. पुढे लोक त्यांना ‘काका केळकर’ म्हणून ओळखू लागले. कवी अज्ञातवासी मागे पडला.

कवीचे नाव आपल्या भागाला नवे नाही. आर्या लिहिणारे मोरोपंत अठराव्या शतकात बारामतीतच राहिले. पण मोरोपंतांच्या घरात तेव्हा कोणती समई तेवत होती, ते कोणत्या दौतीत बोरू बुडवत होते, असा प्रश्न कोणाला पडला तर उत्तरासाठी कविता पुरत नाही. त्यासाठी वस्तू लागते. केळकरांच्या कामाचे मोल इथे कळते.

संग्रह सुरू कसा झाला?

सुरुवात १९२० च्या सुमारास झाली. जुन्या सरदार घराण्यांकडे उरलेल्या लहानसहान वस्तू केळकर मिळवू लागले. त्यात मोठी योजना नव्हती. संग्रहालय काढायचे, असे ठरवून कोणी अडकित्ता विकत घेत नाही. एक वस्तू आवडली, तिच्यासारखी दुसरी दिसली, मग तिसरी वेगळ्या घडणीची मिळाली आणि तिघांना शेजारी ठेवल्यावर लक्षात आले की एकाच कामाची वस्तू दर गावात, दर कारागिराच्या हाताखाली वेगळी होते. संग्राहकाला झपाटायला एवढे पुरते.

आकडे पाहिले तर या झपाटलेपणाचा अंदाज येतो. १९२० च्या आसपास सुरू झालेला संग्रह १९६० पर्यंत सुमारे १५ हजार वस्तूंपर्यंत पोहोचला. चाळीस वर्षांत १५ हजार म्हणजे वर्षाला सरासरी पावणेचारशे. म्हणजे चाळीस वर्षे रोज एक वस्तू घरी येत राहिली, असे समजा. यात व्यवसाय आला, संसार आला, मुलाचे जाणे आले, महायुद्ध आले, स्वातंत्र्य आले. वस्तू येणे थांबले नाही.

लोक या वस्तू काढून का टाकत होते?

याची कारणे एकापेक्षा जास्त आहेत आणि ती एकामागून एक आली.

पहिले कारण सत्ता गेल्याचे. १८१८ मध्ये पेशवाई संपली. सरदार घराण्यांचे मानमरातब, फौजफाटा, दरबार संपला. वाडे उरले, पण ते चालवायला लागणारे उत्पन्न दर पिढीला कमी होत गेले. स्वातंत्र्यानंतर इनामांवरही टाच आली. मुंबई राज्यात वैयक्तिक इनामे रद्द करणारा कायदा १९५२ चा. ज्या घरांचा खर्च इनामावर चालत होता, त्यांना माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी आणि कोरीव लाकूड विकण्यावाचून पर्याय उरला नाही.

दुसरे कारण सोयीचे. रॉकेलचा कंदील आला, मग वीज आली, समई देवघरापुरती उरली. फाउंटन पेन आले, दौत आणि कलमदान गेले. कारखान्यात बनलेले कुलूप स्वस्त झाले, लोहाराकडचे कुलूप कोणी मागेना. पुढे स्टेनलेस स्टील आले. त्याला कल्हई लागत नाही, चिंचेने घासावे लागत नाही. घरातल्या बाईचे कष्ट त्याने खरोखर कमी केले. म्हणून पितळ विकणाऱ्या घरांना नावे ठेवण्यात अर्थ नाही.

तिसरे कारण पुण्यापुरते. जागा आटली. वाडे पडू लागले, त्या जागी चाळी आणि इमारती आल्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतले किती तरी जुने वाडे एका दिवसात कोसळले. वाडा गेला की त्याची कोरीव दारे, तुळया, खांब जळणाच्या नाहीतर भंगाराच्या भावात जातात.

मोडीत गेलेली वस्तू परत का बनवता येत नाही?

हा प्रश्न तांत्रिक आहे, पण केळकरांची घाई समजण्यासाठी त्याचे उत्तर आवश्यक आहे.

मोर, हत्ती किंवा स्त्रीची मूर्ती असलेले जुने पितळी दिवे पाहा. त्यांतले अनेक मेणाच्या पद्धतीने ओतलेले असतात. कारागीर आधी मेणात पूर्ण आकृती घडवतो, बारीक नक्षीसकट. तिच्यावर मातीचे थर चढवतो. माती वाळली की साचा तापवतात. मेण वितळून बाहेर येते आणि आत त्या आकाराची पोकळी राहते. तिथे वितळलेला धातू ओततात. धातू थंड झाला की मातीचा साचा फोडावा लागतो.

म्हणजे एका साच्यातून एकच वस्तू. दुसरी हवी असेल तर पुन्हा मेणापासून सुरुवात. त्यामुळे असे दोन दिवे तंतोतंत सारखे नसतात. असा दिवा मोडीत गेला, भट्टीत वितळला की धातू उरतो, घडण जाते. आणि घडवणाऱ्याची पुढची पिढी दुसऱ्या कामाला लागलेली असेल तर ती घडण परत येत नाही.

केळकरांनी नेमके काय जमवले?

संग्रहातल्या बहुतेक वस्तू अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या आहेत. शस्त्रे आहेत, पण संग्रहालयाची ओळख तलवारींमुळे झालेली नाही. इथे मुख्य आहे ते घर. दिवे, पानदाने, अडकित्ते, कुलपे, दौती, हुक्के, फण्या, कुंकवाचे करंडे, स्वयंपाकघरातली भांडी, खेळणी, बाहुल्या, वाद्ये, कोरीव दारे, चित्रे. महाराष्ट्राबाहेरच्या वस्तूही भरपूर आहेत. गुजरातच्या लाकडी कोरीवकामाचे दालन पाहणाऱ्याला थांबवते. पैठणच्या परंपरेतली चित्रकथीची चित्रे इथे आहेत. एकेक चित्र दाखवत कथा सांगणारे लोक गावोगाव फिरत, त्यांची ही चित्रे.

काही वस्तूंपाशी मुद्दाम थांबावे.

अडकित्ता : शाळेत तरफेचे तीन प्रकार शिकवतात. अडकित्ता ही दुसऱ्या प्रकारची तरफ. टेकू एका टोकाला, म्हणजे बिजागरीपाशी. सुपारी मध्ये. हाताचा जोर दुसऱ्या टोकाला. जोर बिजागरीपासून लांब आणि सुपारी जवळ, त्यामुळे थोड्या ताकदीत टणक सुपारी फुटते. यंत्र एवढेच. पण कारागिराने त्याच दोन पात्यांना कुठे घोड्याचा, कुठे पक्ष्याचा, कुठे माणसांच्या जोडीचा आकार दिला. कामात फरक पडला नाही, हातात धरण्याचा आनंद वाढला.

कुलूप : जुन्या कुलपांपैकी काहींची किल्ली फिरवायची नसते, आत ढकलायची असते. कुलपाच्या दांड्यावर आत पोलादी पट्ट्या पसरलेल्या असतात, त्या दांड्याला बाहेर येऊ देत नाहीत. किल्ली आत सरकली की पट्ट्या दाबल्या जातात आणि दांडा निसटतो. स्प्रिंगचे तत्त्व गावातल्या लोहाराने कोणत्याही पुस्तकाशिवाय वापरले होते. त्यावर प्राण्यांचे आकारही चढवले.

वज्री : अंघोळीच्या वेळी टाचा घासायची धातूची वस्तू. तळ खरबरीत, वर धरायला मूठ. ज्या वस्तूकडे न्हाणीघराबाहेर कोणी बघणार नाही, तिच्या मुठीवर मोर, हत्ती, घोडेस्वार घडवलेले आहेत. दरबारी वस्तू सुंदर असणे समजू शकते. टाच घासायची वस्तूसुद्धा सुंदर असावी, असे वाटणारा समाज कसा असेल, हा विचार वज्रींच्या कपाटापाशी येतो.

केळकरांची नजर इथे वेगळी ठरते. त्यांच्या काळी इतिहास म्हणजे लढाया, तह आणि कागदपत्रे. पुण्यातच १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ कागद जमवत होते आणि ते काम मोलाचे होतेच. पण कागदात बायकांचा दिवस सहसा येत नाही. कोणती विळी, कोणता सोऱ्या, कोणती फणी, कोणती फणेरपेटी याची नोंद कोणी दफ्तरात करत नाही. केळकरांनी त्या वस्तू गोळा केल्या, त्यामुळे त्या बायकांच्या दिवसाचा पुरावा राहिला.

हे सगळे परवडले कसे?

चष्म्यांच्या व्यवसायातून संसार चालतो, संग्रहालय चालत नाही. केळकरांनी मिळकत या कामात घातली, प्रवास केले, देशाच्या वेगवेगळ्या भागांत फिरून वस्तू आणल्या. कमलाबाईंची साथ नसती तर हे घडले नसते, असे त्यांच्याविषयी लिहिणारे सगळेच नोंदवतात. वस्तू राहत्या घरात येत होत्या. घर म्हणजेच गोदाम आणि घर म्हणजेच दालन. हजारो वस्तूंना धूळ लागते, तांब्या-पितळेला कळा चढते, लाकडाला वाळवी लागते. जमवण्याचे नाव नवऱ्याचे झाले, पण घरात सामावून घेण्याचे आणि निगा राखण्याचे काम दोघांचे होते.

मुलगा गेल्यानंतरच्या घरात हे काम चालले, हेही लक्षात ठेवावे लागते. त्यांच्या दुःखाविषयी आपण अंदाज बांधण्याचे कारण नाही. पण त्यांनी संग्रहालयाला आपले नाव एकट्याचे दिले नाही, मुलाचे नाव पुढे ठेवले, एवढी वस्तुस्थिती बोलकी आहे.

मस्तानी महाल इथे कसा आला?

संग्रहालयात सर्वाधिक गर्दी होते ती मस्तानी महालाच्या दालनात. थोरल्या बाजीरावांनी १७३४ मध्ये मस्तानीसाठी कोथरूडला वेगळे निवासस्थान बांधले. आज कर्वे रस्त्यावर मृत्युंजयेश्वर मंदिर आहे, त्या परिसरात ते होते. तेव्हा कोथरूड पुण्याबाहेरचे गाव होते. पुढे ती वास्तू मोडकळीला आली. तिचे भाग केळकरांनी आणून संग्रहालयात पुन्हा उभे केले.

अडकित्ता खिशात घालून आणता येतो. महाल आणायचा म्हणजे त्याचे तुकडे सोडवायचे, कोणता कुठला ते ध्यानात ठेवायचे, वाहून आणायचे आणि दुसऱ्या जागेच्या मापात पुन्हा जोडायचे. त्यामुळे आज आपण पाहतो तो महाल मूळ जागेवरचा नाही, मूळ भागांपासून पुन्हा मांडलेला आहे. सिनेमा पाहून भव्य आरसेमहालाच्या अपेक्षेने जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, म्हणजे निराशा होणार नाही. मस्तानीला हयातीत पेशव्यांच्या घरात मान मिळाला नाही. तिच्या घराचे जे काही उरले, ते एका चष्मेवाल्या कवीने आपल्या छपराखाली घेतले.

संग्रह सरकारला का दिला?

खासगी संग्रहाचा शेवट बहुतेक वेळा ठरलेला असतो. जमवणारा गेला की पुढच्या पिढीत वाटण्या होतात, काही वस्तू विकल्या जातात, काही परदेशी जातात, उरलेल्या गोदामात सडतात. जमवण्यासाठी एक माणूस पुरतो, टिकवण्यासाठी संस्था लागते.

केळकरांनी आपला संग्रह विकला नाही. त्यांनी तो महाराष्ट्र सरकारच्या हाती दिला. आयुष्यभर पैसे घालून उभी केलेली, बाजारात मोठी किंमत येऊ शकणारी मालमत्ता त्यांनी सार्वजनिक केली. त्यामुळे ती आज एका छताखाली आहे आणि तिकीट काढून कोणीही पाहू शकतो.

पुणे विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डी. लिट. दिली, त्यांच्या नावामागचे ‘डॉक्टर’ तिथले. १९८० मध्ये केंद्र सरकारने पद्मश्री दिली. तेव्हा त्यांचे वय ८४ होते. १७ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज अडचण कोणती?

जागेची. संग्रहात आज २० हजारांहून अधिक वस्तू आहेत. त्यांतल्या प्रदर्शनात सुमारे अडीच हजार. म्हणजे आठ वस्तूंतली एक आपल्याला दिसते, सात कपाटाआड असतात. पेठेतल्या इमारतीला वाढायला जागा नाही.

दुसरी मर्यादा अशा सगळ्याच जुन्या संग्रहांची. कारागीर आपल्या कामावर नाव घालत नसत. त्यामुळे पाटीवर वस्तूचे नाव, प्रदेश आणि शतक येते, माणूस येत नाही. ती घडवणारा तांबट कोण, ती वापरणारी बाई कोण, हे वस्तू घरातून निघाली त्या दिवशीच सुटलेले असते. शिवाय संग्राहकाची नजर साहजिकच कोरीव आणि देखण्या वस्तूकडे जाते. साधी वस्तू, गरिबाच्या घरातली वस्तू, झिजून संपेपर्यंत वापरली जाते आणि कोणाच्याच कपाटात पोहोचत नाही. आपल्याकडच्या विहिरीवरची मोट, नाडा, सोंदूर, पेरणीची पाभर आणि चाडे यांचे असेच झाले. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले, मोटारी आल्या, ट्रॅक्टर आला. पाभरीचे लाकूड चुलीत गेले.

जगात असे दुसरे कुठे घडले?

ग्रीसची राजधानी अथेन्समध्ये जवळजवळ त्याच काळात असेच काम सुरू झाले आणि तिथेही त्यात एक कवी होता. गेऑर्गिओस द्रोसिनिस या कवीच्या पुढाकारातून १९१८ मध्ये तिथे ग्रीक हस्तव्यवसायांचे संग्रहालय स्थापन झाले. प्राचीन संगमरवरी मूर्तींसाठी सगळे जग अथेन्सला जात असताना यांनी विणकाम, भरतकाम, मातीची भांडी, लाकूडकाम जमवायला घेतले. जागा मिळाली ती मोनास्तिराकी चौकातल्या, तुर्की राजवटीत १७५९ मध्ये बांधलेल्या मशिदीत. पुढे ते ग्रीक लोककला संग्रहालय झाले आणि अ‍ॅक्रोपोलिसच्या पायथ्याच्या प्लाका या जुन्या वस्तीत गेले. आता ते पुन्हा मोनास्तिराकी भागात, दुरुस्त केलेल्या जुन्या घरांच्या समूहात आहे.

साम्य दोन गोष्टींत आहे. दोन्हीकडे घरगुती वस्तू कारखान्याच्या मालापुढे संपत असताना कोणीतरी त्या उचलल्या. आणि दोन्हीकडे संग्रहालय जुन्या वस्तीतच राहिले, त्यामुळे कपाटातली वस्तू पाहून बाहेर पडले की ती ज्या गल्लीत वापरली जायची तशी गल्ली समोर असते. फरक एवढाच की अथेन्समध्ये सुरुवातीपासून संस्था होती. पुण्यात कितीतरी वर्षे एक घर होते.

आजूबाजूला काय पाहावे?

लासुर्णे, जंक्शन, वालचंदनगर, भवानीनगर या पट्ट्यातून जाणाऱ्यांनी बारामतीमार्गे एसटीने स्वारगेट गाठावे. तिथून संग्रहालय दीड-दोन किलोमीटर आहे. पत्ता नातूबाग, बाजीराव रस्त्यालगत, शुक्रवार पेठ. गाडी घेऊन गेल्यास लावायला जागा मिळणे कठीण, त्यामुळे एसटी आणि पायी हाच मार्ग सोयीचा. निघण्याआधी वेळ आणि सुट्टीचा दिवस पाहून घ्यावा.

शुक्रवार पेठ पेशवाईतली. पेठेचे जुने नाव विसापूर. जिवाजीपंत खासगीवाल्यांनी ती वसवली. संग्रहालयातून बाहेर पडून बाजीराव रस्त्याने शनिवारवाड्याच्या दिशेने चालत गेले की डाव्या बाजूला विश्रामबागवाडा लागतो. दुसऱ्या बाजीरावांनी १८०७ मध्ये बांधलेला हा वाडा. त्याचा लाकडी कोरीव दर्शनी भाग पाहावा. संग्रहालयात सुटी पाहिलेली दारे आणि खांब प्रत्यक्ष वास्तूत कसे बसायचे, ते इथे कळते. १८२१ मध्ये इंग्रजांनी याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली होती.

तिथून जवळच तुळशीबाग. आत राममंदिर आहे, नारो अप्पाजी खिरे तुळशीबागवाले यांनी ते बांधायला घेतले १७६१ मध्ये. बाहेरच्या दुकानांत आजही पूजेची पितळी उपकरणी आणि खेळभांडी मिळतात. पलीकडे महात्मा फुले मंडई. १८८६ मध्ये उघडलेली ही अष्टकोनी दगडी इमारत आधी गव्हर्नर रे यांच्या नावाने ओळखली जाई. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी मंडईवरच्या खर्चाला विरोध केला होता. आज तिला त्यांचेच नाव आहे.

पायात ताकद उरली असेल तर कसबा पेठेतल्या तांबट आळीपर्यंत जावे. तांब्याच्या पत्र्यावर ठोके देऊन मठारकाम करणारी काही घरे तिथे अजून काम करतात. संग्रहालयात शांत बसलेल्या भांड्याचा जन्म किती आवाजात होतो, ते तिथे ऐकू येते.

आपल्या घरातल्या वस्तूचे काय करावे?

प्रत्येक घराने संग्रहालय काढावे, असे कोणी म्हणणार नाही. जुने सगळेच ठेवता येत नाही, आणि गरज असेल तर विकावेही लागते. पण मोडीत देण्याआधी तीन गोष्टी करता येतात आणि त्यांना पैसे लागत नाहीत.

१. वस्तूचा मोबाइलवर फोटो काढा. शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे माप कळेल. खालून, आतून आणि जोडकामाच्या जागेचाही फोटो घ्या. भांड्यावर नाव कोरलेले असेल तर ते जवळून टिपा.

२. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला तिचे नाव आणि वापर विचारा. कोणाची, कोणत्या गावाहून आली, कोणाच्या लग्नातली, हे त्यांच्याच आवाजात मुद्रित करून ठेवा. गावोगाव नावे बदलतात, त्यामुळे आजी वापरते तोच शब्द लिहा.

३. वस्तू विरळा वाटत असेल तर वजनकाट्यावर ठेवण्याआधी एखाद्या संग्रहालयाला किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला दाखवा.

केळकरांच्या कपाटांतल्या हजारो वस्तूंमागची नावे हरवली, कारण वस्तू मिळाली तेव्हा ती नावे सांगणारे कोणी उरले नव्हते. आपल्याकडे सांगणारी आजी अजून पडवीत बसलेली आहे. यंदा पोते भरण्याआधी तिला विचारून घ्यावे.